इतिवृत्त

विषय क्रमांक सात :
लिंडेन स्ट्रीटची प्राथमिक शाळा बंद करून
मुलं हायवेपलीकडच्या नव्या इमारतीत नेणे.
एवढंच लिहायचं असतं मला.
सूचक, अनुमोदक, बाजूने, विरुद्ध.
आधीच्या चिटणीसबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं,
लोक काय म्हणाले ते लिहू नकोस,
मंडळाने काय केलं तेवढं लिही.

तर हे लिहिलेलं नाही :

की सभा शाळेच्याच जेवणाच्या हॉलमध्ये भरली,
आणि टेबलांना जोडलेली ती गोल स्टुलं
आठ वर्षांच्या मापाची,
म्हणून अख्खं गाव
गुडघे हनुवटीशी घेऊन बसलं होतं.
बाहेर फेब्रुवारी. खाली मनोंगाहेला गोठलेली. काचांवर वाफ.
बॉयलर त्या रात्री शहाण्यासारखा चालला.
अहवालाची पहिली आठ पानं त्याच्यावरच होती.

प्रत्येकाला तीन मिनिटं.
घड्याळ माझ्या हातात, अंडी उकडायला लावतात तसलं.

एकोणीस वर्षं चौकात 'थांबा'ची पाटी धरणारा
ऑरिन व्हास्को म्हणाला, पोरांना चालत सात मिनिटं लागतात.
बसने बावन्न. मी परवा बसून पाहिलं.
पुढे त्याला काही सुचेना.
दोन मिनिटं तो नुसता उभा राहिला
आणि मी घड्याळ बंद केलं नाही.
वेळ त्याची होती.

डार्लीन पेट्राकने विचारलं,
कारखाना गेला तेव्हा म्हणालात, दवाखाना आहे.
दवाखाना गेला तेव्हा म्हणालात, शाळा आहे ना.
आता कशाकडे बोट दाखवाल?
टाळ्या. टाळ्याही लिहीत नाहीत.

मग ब्रायना टुलिस उठली, तिसरी आणि चौथी
एकाच खोलीत शिकवणारी.
फळ्यावर मधोमध रेघ मारते, म्हणाली,
डावीकडे गुणाकार, उजवीकडे अपूर्णांक,
आणि त्या रेघेवर बसलेला एक मुलगा
ज्याला अजून वाचता येत नाही.
त्याच्यासाठीची बाई येते मंगळवारी,
रस्त्यावर बर्फ नसला तर.
तुमचा जीव आहे या विटांवर. माझाही आहे.
पण त्याला रोज मंगळवार हवाय.

हिला कुणी टाळी दिली नाही.
मागून आवाज आला, ही कुठली?
दोन गावं सोडून, ती म्हणाली.
आमची सहा वर्षांपूर्वी गेली.

पट त्र्याऐंशी, क्षमता दोनशे साठ.
अधीक्षकांनी आकडे पडद्यावर लावले
ते काढायचे राहूनच गेले,
बोलायला येईल त्याच्या कपाळावर उमटत राहिले.
मी मोजली तर माणसं एकशे चौदा,
कोटांच्या ढिगावर झोपलेली एक मुलगी धरून.

मतं नावं पुकारून.
चार हो, चार नाही, राहिले वेंडेल ह्राबक.
त्यांच्या आईने इथे तेहेतीस वर्षं स्वैपाक केला,
त्याच खिडकीतून ताटं सरकवली.
खिडकीकडे त्यांची पाठ होती.
बराच वेळ ते कागद सारखे करत बसले.
मग म्हणाले, हो.
ऐकू आलं नाही म्हणून मी परत विचारलं.
ऐकू आलं होतं.
त्यांना दुसऱ्यांदा म्हणावं लागलं.

लिहिलं ते असं :
ठराव पाच विरुद्ध चार मतांनी मंजूर.
सभा नऊ वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी संपली.

लोक लगेच निघाले नाहीत.
व्हरांड्यातल्या बुटक्या नळापाशी रांग लागली.
तहान कुणाला असेल असं वाटलं नाही.
थोराड माणसं एकेक करून कमरेत वाकत होती,
कुणाची टोपी भिजत होती.
ह्राबक सगळ्यात शेवटी.
पुढे डार्लीन. तिचं पिऊन झालं
तरी तिने नळाचं बटण सोडलं नाही,
दाबून धरून ठेवलं,
दुसरीकडे बघत.