तुटलेली रेघ

पहिल्या दिवशी रेघ साडेपाच तास मागं होती.
ब्राउझरमधे रात्रपाळी संध्याकाळीच सुरू झाली
अन् गफ्फार मिस्त्री हसले, "बाई,
तवा तर मी घरी भाकर खात होतो."
ग्रीनिचची वेळ होती ती.
जालन्याच्या एमआयडीसीत तिला कोण विचारतं?
एक ओळ बदलली. रेघ कामावर आली.

मग भट्टीचे आकडे सोडले, सेकंदाला एक.
सोळाशे दोन, सोळाशे पाच, सोळाशे पाच.
स्क्रीन धापा टाकायला लागली तेव्हा लायब्ररीला सांगितलं,
मिनिटाला एकच ठेव,
पण उंचवटा गाळू नको.

आज तेरा तारखेवर बोट नेलं
तर दोन दहा ते दोन सत्तेचाळीस
आकडेच नाहीत.
लायब्ररीनं दोन्ही टोकं धरून
बाजेच्या नवारीसारखी रेघ ताणून बसवलेली,
जसं काही झालंच नाही.
भक्कड शेठ म्हणाले, "छान दिसतंय. राहू द्या."

मिस्त्री वाकले. भुवया अर्ध्या जळालेल्या.
"लाइट गेली होती. सेन्सर झोपला.
मी काच लावून रंग बघत उभा होतो.
पिवळ्याचा नारिंगी, नारिंगीचा..."
पुढचा रंग त्यांनी सांगितला नाही.

मोकळ्या जागा जोडायच्या?
तिथं आधीपासून 'होय' होतं.
मी 'नाही' केलं.

मधे सदतीस मिनिटं पांढरी.
माउस नेला तर काही उमटत नाही.

"आता बरोबर," मिस्त्री म्हणाले,
अन् दारातून परत फिरले,
"पण रेघ निळी कशाला, बाई?
लोखंड कधी निळं वितळतं का?"