चाबी फसली

पावणेनऊला, सुदामानगरच्या आमच्या गल्लीत,
मी मोठ्यानं म्हणालो, "चाबी फसली."
सून दारात उभी होती. मिरजेची आहे. हसली.
"किल्ली कशी फसेल, बाबा? कोणी फसवलं तिला?"

आमच्याकडे किल्ली नसते, चाबी असते,
आणि अडकत काही नाही, सगळं फसतं.
पतंग तारेत फसतो, दाण्याचं टरफल दातात,
माणूस रीगलच्या चौराह्यावर.
तीन पिढ्या इंदूरला झाल्या, आता कोण सुधारणार.

गाडी एकोणीस वर्षांची अल्टो.
चाबी आत जाते, बाहेर येते,
फिरत नाही.
चौरसिया तोंडात ब्रश धरून आले,
"खोपरे का तेल डालो, भिया."
समोरचे बागोरा म्हणाले, हथौड़ी, पण हल्की-सी.
मी हातोडी आणायला वळलोसुद्धा होतो.

बायकोची डोळ्यांच्या डॉक्टरकडे साडेनवाची वेळ.
पाच मिनिटं उभी राहिली,
मग कोपऱ्यावरची ई-रिक्षा थांबवली.
"तुम्ही बसा खेळत," एवढं बोलली आणि गेली.

म्हणजे आता घाई उरली नव्हती.
तेव्हा कुठे आम्ही खरे कामाला लागलो.

शर्वाणी शेजारच्या सीटवर बसली,
मोबाइलच्या उजेडात भोकात डोकावली, फुंकर मारली.
"तेल नको. तेल धूळ धरून ठेवतं."
आतून तिची चित्रांची पेन्सिल आणली, सहा बी,
आणि चाबीच्या दात्यांवर शिसं घासत बसली,
खाचाखाचांतून, दोन्ही अंगांनी,
एखाद्या चेहऱ्याची सावली भरावी तशी.
बोटं काळी झाली. कुर्त्याला पुसली नाहीत,
हवेत धरून ठेवली.

मग जुडगा तळहातावर तोलला.
"हे सगळं लटकतं इथे? रोज?"
मोजल्या. अकरा.
गोदरेजची, मागच्या दाराची, गॅसच्या जाळीची,
सायकलची (सायकल चोरीला गेली, चाबी राहिली),
नंदानगरच्या खोलीची, जी विकून वीस वर्षं झाली,
आणखी कसल्याकसल्या,
आणि एक पितळी, बोटाच्या पेराएवढी,
जिचं कुलूप कुठलं ते मलाही सांगता येईना.
एवढं ओझं त्या एका भोकाला टांगून
मी शहरभर खड्डे उडवत हिंडलो होतो.
काही बोललो नाही. कडी उकलताना नख दुखावलं.

एकटी चाबी इतकी हलकी लागली
की वाटलं, ही आपली नव्हेच.

"आता स्टीअरिंग डावीकडे ओढा. जोरात नाही.
चाक कट्ट्याला रेटून उभं आहे ना,
त्याचा ताण कुलपावर येतोय."
मी ओढलं, तिनं फिरवली. नाही.
उजवीकडे. नाही.
पुन्हा डावीकडे, केसभर,
ती चाबी आतल्या आत डुलवत होती,
मी श्वास धरून चाक.
लग्नाला चौदा महिने झाले त्यांच्या.
इतका वेळ आम्ही शेजारी कधी बसलो नव्हतो.

खट्.

लाल दिवे लागले. इंजिन खोकलं, धरलं.
गच्चीवरून चौरसिया ओरडले, "डाला ना तेल?"
"डाला, अंकल," शर्वाणी म्हणाली,
काळी बोटं खिडकीखाली लपवून.

जायचं कुठेच नव्हतं. गाडी तशीच चालू ठेवून
आम्ही थोडा वेळ समोरची भिंत पाहिली.

संध्याकाळी ती आईशी फोनवर बोलत होती,
"अगं, सकाळी चाबी फसली होती,"
आणि मग, थांबून,
"नाही गं, कोणी नाही फसवलं."

उरलेल्या चाब्या खिळ्याला टांगल्या आहेत.
पितळी तेवढी मी खिशात ठेवली.
रात्री सगळे निजल्यावर
घरातल्या एकेका कुलपाला लावून पाहिली.
कशातच गेली नाही.
उद्या तिची पेन्सिल मागून घेईन.