नावाचा रकाना

सावदा नगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या टेबलाशी
सव्वीस वर्षं बसतो मी.
नावांच्या लाटा या हातून गेल्यात:
एका साली सगळे योगेश,
मग चार वर्षं नुसते कुणाल,
आता शिवांश, रियांश, कुठला ना कुठला अंश.
जुन्या रजिस्टरात, वाळवीनं कडा खाल्लेल्या,
धोंडू, दगडू, भिका, कडू,
आणि पानापानावर उखर्डू.
पंचाहत्तर सालानंतर उखर्डू एकही नाही.

मे महिना. पंखा गरम हवाच ढवळत होता.
बाहेर केळीचा ट्रक भरत होते,
पाल्याचा ओला वास फायलींपर्यंत आलेला.
हेमकांत फेगडेनं अर्ज सरकवला.
मुलाचे नाव: स्तामातिस.

'हे काय?'
'नाव.'
'औषधाचं वाटतं.'
तो हसला नाही.
खुर्ची ओढून बसला, जपून,
जमीन हलेल अशा बेतानं.

अकरा वर्षं मालवाहू जहाजाच्या इंजिनात होता.
तिथला भटारी ग्रीक, कुठल्याशा बेटावरचा,
मसुराच्या आमटीत शिरका ओतणारा.
त्याचं हे नाव.
त्यांच्याकडे स्तामातो म्हणजे थांबतो.
त्याच्या पणजीची तीन लेकरं पाळण्यातूनच गेली.
चौथ्याला तिनं असं नाव दिलं
की हाक मारली की हुकूम व्हावा:
थांब.
पोराला म्हणा, मरणाला म्हणा,
ज्याला ऐकू जाईल त्यानं ऐकावं.
आजोबांचं नाव नातवाला, ही त्यांची रीत,
तसं ते घरंगळत भटाऱ्यापर्यंत आलं.

कुठे कुठे हेच नाव मुलींना देत,
मुलींना कंटाळून. आता पुरे, थांबा.
हे सांगताना भटारी कांदाच चिरत राहिला म्हणे.
मला आमच्या रजिस्टरातल्या नकुशा आठवल्या.
मी पेनाचं टोपण काढलं, लावलं.

'आता तिकडेही फारसं कुणी ठेवत नाही,' फेगडे म्हणाला.
'बंदरावर हाक मारली
तर एखादा पांढऱ्या मिशांचा वळून बघेल, तेवढंच.'
मग जरा वेळानं:
'मृत्यूचं रजिस्टरही तुमच्याकडेच ना?'

माझ्याकडेच.
फेगडे, वय चार दिवस.
फेगडे, वय एकवीस दिवस.
नावाचा रकाना दोन्हीकडे कोरा,
बाकी अक्षर माझं.

दारात त्याची आई, कडेवर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ.
'काय ठेवलं मंग?
इस्तमा... इस्तमाती...
तोंडात मावत नही रे भो. म्हंजे काय?'
'थांब.'
'मंग थांबूच म्हनू ना आपन,' म्हणाली ती,
आणि बाळाच्या कपाळावरचा घाम
पदरानं टिपला.

टेबलावरच्या पाटीवर माझं नाव यू. टी. सपकाळे.
यू म्हणजे काय, सव्वीस वर्षांत कुणी विचारलं नाही.
कॉलेजात उदय सांगायचो.
माझ्या आधीची दोन गेली, तेव्हा आईनं मला
बाराव्या दिवशी उकिरड्यावर ठेवलं,
राखेत, शेणात, केरात,
आणि आत्यानं सव्वा रुपयाला उचलून आणलं.
जे आधीच टाकून दिलंय
ते न्यायला कोण येईल?
जुन्या रजिस्टरातली शेवटची ती नोंद माझी आहे.
ते पान मी दुसऱ्या कुणाला काढू देत नाही.

कॉम्प्युटरला स्तामातिस पटेना.
लाल रेघ ओढून तो सीताराम सुचवत राहिला.
तीनदा खोडलं, चौथ्यांदा राहिलं.
दाखला छापून आला, शाई अजून गरम.
शिक्का मारला,
आणि खाली नेहमीचा फरकाटा ओढायचा
तो हात अडला.
सावकाश, पहिलीतल्या पोरासारखं लिहिलं:
उखर्डू तोताराम सपकाळे.

फेगडेनं मुलाचं नाव तपासलं, एकेक अक्षर बोटानं.
मग बोट खाली गेलं, माझ्या सहीवर,
आणि तिथे बराच वेळ होतं.
बाहेर ट्रकचं फाळकं लावल्याचा आवाज झाला.

'वीस रुपये,' मी म्हणालो.