दोन रकाने

सकाळी साडेआठला ड्रम शून्यावर आणते,
मग सळई लावून वीस, मग साठ.
यंत्र खरं बोलतंय का
ते यंत्रालाच विचारायचं, अशी पद्धत आहे.
मग रजिस्टर. दोन रकाने :
काच. प्लास्टिक.

काचेचा प्रिझम एकच, बारा वर्षांचा.
स्पिरिटनं पुसा, सुकू द्या,
घाई केली तर बुबुळाला चटका.
प्लास्टिकचे शंभर एका डब्यात,
माणूस उठला की लाल पिशवीत.
उईके मॅडम म्हणाल्या, तीन महिने दोन्हींनी मोज,
मग ठरवू विश्वास ठेवायचा का.
कुणावर, ते त्या बोलल्या नाहीत.

यादवराव निखारे, एकाहत्तर, तांडापेठ.
हनुवटी ठेवायच्या पट्टीवर
आधी रुमाल अंथरला त्यांनी,
जणू दुसऱ्याच्या घरी जेवायला बसताहेत.
'करवती काठ विणत होतो बाई,
नाकाकडची बाजू दिसेचना.
वाटलं धागाच सरला.'

थेंब टाकला. केशरी पट्टी लावली.
निळ्या उजेडात दोन हिरवी अर्धवर्तुळं,
एक वर, एक खाली,
आतली कड आतल्या कडेला शिवली की थांबायचं.
नाडीबरोबर ती हलतात,
म्हणून मीही श्वास धरते, उगाच.

काच : बावीस.
प्लास्टिक : एकोणीस.
दुसरा काढला, त्याच डब्यातला,
वीस.
एकवीसच्या एका बाजूला औषध आहे,
दुसऱ्या बाजूला 'सहा महिन्यांनी या'.
आणि मधे माझं बोट, ड्रमवर,
अर्ध्या रेघेचं.

तेवढ्यात दिसलं, सदऱ्याचं वरचं बटण
गळ्यात रुतलंय.
उघडा म्हटलं.
काच : वीस.

'यातलं खरं कोन्तं?'
काय सांगू. की बुबुळ जाड असेल तर आकडा चढतो,
की पहाटे वेगळा, दुपारी वेगळा,
की प्लास्टिकच्या टोकावर कधी
साच्याचा बारीक ओरखडा राहतो
जो मला दिसत नाही, डोळ्याला कळतो?
म्हटलं, सगळे थोडे थोडे.
ते हसले. 'आमचा ताना बोटानं पाह्यतो आमी.
टण्ण वाजला त बरोबर.'
आणि मिटल्या पापणीवर स्वतःच तर्जनी ठेवली,
दाबली, ऐकली.

जुने डॉक्टर असंच बघायचे, हे मला माहीत आहे.
दगड झालेला डोळा बोटांना कळतो.
वीस आणि बावीस कळत नाहीत.
ते त्यांना सांगितलं नाही.

मॅडमनी आकडे वाचले, बाजूला ठेवले,
आत मागे, नसेच्या मुळाशी बघत राहिल्या
बराच वेळ.
मग लिहिलं : थेंब, रात्री एक, दोन्ही डोळे.
कुठल्या रकान्यावरून, मी विचारलं नाही.
नस बघून, असं त्यांच्या अक्षरावरून वाटलं,
दाबून लिहिलेलं होतं.

जाताना ते थबकले. 'हे फेकता?
नातीले देतो ना खेळाले. काचेवानी हाये.'
नाही देता येत.
'एकडाव पाह्यलं अन् फेकलं,' म्हणाले,
रुमालाची घडी केली, बटण लावायला गेले,
नाही लावलं.

दुपारी कूलरचं पाणी संपलं.
पेपरात सोनेगावचा पारा पंचेचाळीस पॉइंट दोन.
तांडापेठेत टिनाखाली किती, ते कुणी छापत नाही,
तिथं मोजणारी सावली नाही.
आम्हीही पाऱ्यातच मोजतो, मिलिमीटर पारा,
या खोलीत त्याचा थेंबही नसताना.

संध्याकाळी पट्टी घेतली
आणि रजिस्टरात तिसरी रेघ ओढली, पेन्सिलनं,
मॅडम रागावल्या तर खोडता येईल अशी.
वर काही लिहिलं नाही.
खाली : बटण उघडलं.
त्याखाली, कालच्या नंदनवारबाईंचं आठवून :
रडत होत्या, दोनदा मोजलं.
त्याखाली : घाई माझी.

लाल पिशवी बांधली. सत्तेचाळीस.
हलवली तर वाजते,
पण त्या आवाजावरून काही सांगता येत नाही.