एकशे साडेसदतीस

उमेओत डिसेंबरातला सूर्य म्हणजे
दुपारी जेवायला आलेला आणि
भात वाढायच्या आत उठून गेलेला पाहुणा.
आमचा दिवस तळघरात असतो.
कपाटाएवढ्या खोल्या, गुलाबी दिवे,
सोळा तास ऊन, आठ तास रात्र,
आणि मोहरीच्या नात्यातली वीतभर रोपं.

मी हिल्का. सव्वीस वर्षं चिमटा धरते आहे.
शेंड्यावरच्या कळ्या एकेक खुडत जायच्या,
शेवटी उरतो तो घुमट,
खसखशीच्या दाण्याहून बारीक.
पुढचं फूल कुठे फुटणार
ते तिथे ठरतं, कुणाला न विचारता.

रुनारचं रोप तिसऱ्या मजल्यावर, संगणकात.
त्याला पाणी लागत नाही.
एकदा लिफ्ट बंद पडली तेव्हा त्याने मला नियम सांगितला:
प्रत्येक पेशी आपल्याजवळचं ऑक्झिन
त्याच शेजारणीकडे ढकलते
जिच्याकडे ते आधीच जास्त आहे.
मी म्हटलं, यात नवीन काय,
टोर्नियोच्या काठी आमच्या गावातली बँक हेच करायची.
तो हसला नाही.
म्हणाला, पण यातूनच फूल होतं.
जिथे साठतं तिथे उंचवटा, भोवती दुष्काळ,
म्हणून दुसरं पहिल्यापासून लांब,
तिसरं दोघांपासून लांब,
असं फिरत फिरत, एकशे साडेसदतीस अंशांनी.
लिफ्ट सुरू झाली. मी तळघरात उतरले.

तीनशे बारा दांडे मोजले मी,
एकेका फुलाचा कोन, पेन्सिलीने.
अडुसष्ट दांड्यांवर क्रम चुकलेला,
दोन फुलं जागांची अदलाबदल करून बसलेली,
शाळेतल्या बाकावरच्या मुलींसारखी.
रुनारची ईमेल आली: पुन्हा मोजाल का?
त्याच्या रोपावर एकही चूक नव्हती.
मी पुन्हा मोजले.
सत्तर.

मग जानेवारीभर तो दिसला नाही.

एक वाण असा आहे की त्याला फूलच येत नाही,
नुसता दांडा, विणायच्या सुईसारखा गुळगुळीत.
त्या महिन्यात मी त्याच्या टोकाशी
ऑक्झिनचा एक ठिपका लावला, मलमात कालवून.
चार दिवसांनी नेमका तिथेच फुगवटा आला.
आनंद झाला, पण सांगायला
खोलीत फक्त पंखा होता.

फेब्रुवारीत रुनार खाली आला, पायात नुसते मोजे.
त्याने समीकरणात जरासा थरथराट मिसळला होता,
प्रत्येक पेशीला थोडं चुकायची मुभा.
‘शंभरात एकवीस!’ तो ओरडला. ‘हिल्का, माझंही चुकतंय!’
माझे शंभरात बावीस.
मी कॉफी ओतली, त्याची आधी.
मग चिमटा त्याच्या हातात दिला,
स्टूल खाली केलं, भिंग जुळवून दिलं.
म्हटलं, एक तरी कळी खुडून बघ.

त्याचा हात थरथरला. घुमट फुटला.
मी वहीत लिहिलं:
तीनशे तेरावा. बाद.