तूट

काम सुटल्यावर चार महिन्यांनी
नखांतली हळद गेली.
आधी करंगळीची, अंगठ्याची सगळ्यात शेवटी.
एकोणचाळीस वर्षं सांगलीच्या मार्केट यार्डात मापाडी होतो,
भूपाल मगदूम.
परवान्याचा नंबर अजून पाठ आहे,
विचारत कोणी नाही.

पहाटे साडेपाचची जाग मात्र येतच राहिली.
सून म्हणायची, आण्णा, झोपा की अजून.
झोप काय पोत्यात भरलेली असते,
लागली तशी काढायला?
मी किराण्याच्या पुड्या तळहातावर तोलायचो,
साखर वीस ग्रॅम कमी आहे म्हणायचो,
आणि घर गप्प व्हायचं.

मग नदीवर जायला लागलो.
पोहणं विसरलो नव्हतो.
एका पोरानं विचारलं, आजोबा, शिकवणार?
पाडव्यापर्यंत अकरा पोरं झाली,
पाठीला तेलाचे रिकामे कॅन बांधलेली.
पोटाखाली हात धरला की
सवयीनं आकडा उमटायचा मनात :
घाटावर अठ्ठावीस किलो,
पाण्यात जेमतेम दोन.

मालन जमदाडे चार दिवस नुसती पायरीवर बसून होती,
चपला पिशवीत घालून.
पाचव्या दिवशी म्हणाली,
बायकांना शिकवता? त्रेसष्ट वर्षांच्या?

पुराच्या साली तिला स्लॅबवरून होडीत घेतलं होतं.
पोरं चांगली होती हो,
पण पोत्यासारखं उचललं मला.
पोतं म्हटल्यावर मी काय बोलणार.
तरी म्हटलं, बाई, तसल्या पुरात
पट्टीचा पोहणाराही वाहून जातो.
ते मला माहीत आहे, म्हणाली.
शिकवा.

लेकीचा जुना पंजाबी ड्रेस, पाठीला दोन कॅन,
आणि कॅनची दोरी माझ्या हातात.
घाटावर लोक बोलले, बोलून दमले.
कुणी म्हणालं, वरच्या अंगाला मगर दिसलीय.
मालन म्हणाली, तिला म्हणावं, माझ्यात आता मांस कुठंय.
रोज नाकातोंडात पाणी जायचं,
रोज ती कृष्णेला शिव्या घालायची,
मग वर येऊन हात जोडायची.

यार्डात आमच्या वहीत एक रकाना असायचा : तूट.
हळद वाळते, पोतं हलकं होतं,
चोरी कुणाचीच नसते,
पण लिहावं लागतं.
माझं सगळं मी हल्ली त्याच रकान्यात धरत होतो :
दोन दाढा, डाव्या कानाचं ऐकणं,
शेजारचा आदगोंडा,
आणि पद्मल, जी गेली तेव्हा
मी काट्यावर होतो.

ज्येष्ठ लागला.
पाणी अजून निवळ होतं, चारआठ दिवसांत लाल होणार.
कॅन कधीच सुटले होते,
आता कमरेला नुसती दोरी.
त्या सकाळी न सांगता मी गाठ सोडली.
ती सांगलवाडीच्या दिशेनं निघाली,
एक हात, दोन, सात,
मोजत होतो, मग मोजायचं राहिलं.
बरीच पुढं जाऊन तिला कळलं.
वळून ओरडली,
मगदूम! दोरी कुठंय?

दोरी माझ्या हातात होती, ओली.
तिच्या टोकाला काही नव्हतं,
आणि वजन किती, हे आयुष्यात पहिल्यांदा
मला सांगता आलं नसतं.

परत यायला तिनं फार वेळ घेतला.
दम लागला होता, राग आला होता,
मला म्हणाली, बापया, मेले असते ना मी.
मग पायरीवर बसून
तिनं माझ्यापुढं शेंगदाण्याची पुडी धरली.
मी तोलली नाही.

दुसऱ्या दिवशी तिची जाऊ आली बरोबर.
मी फक्त बघायला आलेय, म्हणाली,
मला पाण्याची भीती वाटते.
बसा की, म्हटलं.
तिच्याही चपला
पिशवीत होत्या.