अकरा मिनिटं

हॅलिफॅक्स, रात्रीचे पावणेदोन.
खिडकीबाहेर ओल्या दगडांचा चढ,
आणि माझ्यासमोर कोडची एक ओळ :
एकाच पोस्टकोडला अकरा मिनिटं जादा.

का, ते कोड सांगत नाही.
कोड सरकारी शिपायासारखा,
सांगितलं तेवढं करतो, कुणी सांगितलं ते विसरतो.

डायलिसिसच्या पेशंटना घरून आणणाऱ्या गाड्यांचं हे वेळापत्रक.
आठवडाभर गाड्या उशिरा धावताहेत.
मी ओळ निवडली, डिलीटवर बोट ठेवलं,
आणि जराशा भीतीनंच
मागचा इतिहास उघडला.

वर सगळे माझेच मेसेज.
'दुरुस्ती'. 'दुरुस्ती २'. 'आता नक्की'.
एका शुक्रवारी तर नुसतं टिंब.
त्या शुक्रवारी मी काय मोडलं, काय जोडलं,
देव जाणे.

त्याखाली, नऊ वर्षांपूर्वीची, जॅनिस होल्रॉइड.
मी तिला पाहिलेलं नाही. निवृत्त होऊन
व्हिटबीला गेली म्हणतात.

'टेकडीमागच्या गल्लीसाठी अकरा मिनिटं वाढवली.
गाडी वर वळत नाही, खाली थांबते.
मिसेस क्रॅब्ट्री एकोणचाळीस पायऱ्या
कठडा धरून उतरतात.
काल मी त्यांच्याबरोबर उतरले. दहा मिनिटं पुरत नाहीत.
त्या तिथे राहतात तोवर हे काढू नका.'

अण्णा जतच्या सबस्टेशनात रात्रपाळी संपवताना
नोंदवहीत शाईनं लिहायचे :
कुठली लाइन बंद, का बंद,
खांबावर कुणी आहे का.
'सकाळी येणाऱ्याला माझं डोकं दिसत नाही, रे,
अक्षर दिसतं.'
मी हसायचो. त्यांचं अक्षर गोल, मोठं,
पाटीवरच्या मुलासारखं.

सकाळी चालत गेलो.
खाली भाड्याची पाटी. वर कुलूप.
शेजारचा कुत्र्याला आत ओढत म्हणाला,
ती मार्चमध्येच गेली, हॉस्पिटलात.
उतरताना कठडा धरला. गार होता,
एका बाजूला झिजलेला.

मग ओळ काढली, आणि लिहिलं :

'अकरा मिनिटं काढली. मिसेस क्रॅब्ट्री मार्चमध्ये वारल्या.
पायऱ्या अजून एकोणचाळीसच आहेत, मी मोजल्या.
वर नवा पेशंट राहायला आला
तर ही ओळ परत घाला.
गाड्यांना उशीर का होतो
ते मला अजून कळलेलं नाही'

बोटाला टिंबाची सवय होतीच.
ते शेवटी दिलं.